घरातले नेचे: माती ओली, तरी पानं करपलेली

मृद्गंध:
फर्नला मराठीत नेचा म्हणतात. गेली अकरा वर्षं मी ते घरात वाढवतेय, आज चौदा कुंड्या आहेत. सुरुवातीला मात्र ओळीने तीन हंसराज (काळ्या दांडीचा नाजूक नेचा) गेले, आणि पाणी घालायला विसरले म्हणून एकही गेला नाही. पहिल्याला रोज भरपूर पाणी घातलं, त्याची मुळं कुजली. दुसऱ्याला हात राखून घातलं. एका रविवारी दिवसभर बाहेर होते, संध्याकाळी येऊन बघते तर सगळी पानं कागदासारखी कुरकुरीत. तिसरा खिडकीजवळ छान चालला होता. तो कौतुकाने बैठकीच्या खोलीत पंख्याखाली आणून ठेवला आणि आठवड्यात संपला. त्याची माती शेवटपर्यंत ओली होती.

उलगडा झाला तो एका ओढ्याकाठी. कातळाच्या उभ्या भेगेत हंसराज वाढला होता. ओंजळभरसुद्धा माती नव्हती. वरून झिरपणारं पाणी मुळांवरून सरकत खाली जात होतं, थांबत कुठेच नव्हतं, आणि हवा इतकी दमट की चष्म्याची काच धुरकट झाली. मी घरी नेमकं उलटं करत होते: कुंडीत चिखल आणि भोवती कोरडी हवा. नेच्याच्या मुळांना सतत ओल लागते, पण त्या ओलीत हवा खेळती लागते. पानांना लागतो तो दमटपणा वेगळाच. एकीकडची तूट दुसरीकडून भरून निघत नाही. पानं करपली म्हणून कुंडीत तांब्याभर पाणी जास्त ओतलं की मुळंही जातात.

मग आधी माती बदलली. दोन भाग कोकोपीट, एक भाग नीट कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, एक भाग परलाइट (माती हलकी ठेवणारे पांढरे खडे). कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात बऱ्याचदा मीठ असतं. बागेतली नुसती माती कुंडीत दडपून बसते आणि मुळांचा श्वास कोंडतो. बहुतेक नेच्यांची मुळं केसांसारखी बारीक आणि उथळ असतात, म्हणून खोल कुंडीपेक्षा पसरट कुंडी बरी. खोल कुंडीत तळाशी मुळं पोचत नाहीत आणि तिथली ओल आंबत राहते.

उजेडाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ‘नेच्याला सावली लागते’ या अर्धवट वाक्याने बरीच झाडं मेलीत. रानातली सावली म्हणजे डोक्यावर झाडांची छत्री, पण चहूबाजूंनी उजेड. घरातला आतला कोपरा आपल्या डोळ्यांना उजळ वाटतो, कारण डोळे जुळवून घेतात. झाडाची तिथे उपासमार होते. कुंडी ठेवायच्या जागी दुपारी हात धरून बघा. सावलीच्या कडा मऊ, पण पंजा ओळखू येतोय, असा उजेड पुरेसा. सावली पडतच नसेल तर जागा बदला. कडा सुरीने कापल्यासारख्या असतील तर ऊन जास्त आहे, आड पातळ पडदा हवा. पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं कोवळं ऊन बहुतेकांना चालतं.

खताचं फार मनावर घेऊ नका. पाण्यात विरघळणारं खत पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मं, वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, तेही ओल्या मातीत. कोरड्या मातीत दिलं तर ही नाजूक मुळं भाजतात.

तुमचे अनुभव लिहा. झाड कशाने गेलं हे लिहिलंत तर जास्तच उपयोग होईल.

शेवाळ:
ताई, वेळेवर लिहिलंत. दोन महिन्यांपूर्वी बोस्टन फर्न आणला. एसीच्या खोलीत टांगलाय. दिवसातून दोनदा फवारा मारते, तरी बारीक पानांचा फरशीवर सडा पडतो आणि उरलेल्यांची टोकं तपकिरी. पाणी ठरवून दर तीन दिवसांनी. शिवाय एक हंसराज होता, तो गेल्या आठवड्यात आम्ही चार दिवस गावाला गेलो तेवढ्यात पूर्ण वाळला. एक हिरवं पान नाही. तो टाकून द्यावा का?

मृद्गंध:
टाकू नका! हंसराजाचा जीव पानांत नसतो, मातीलगत आडव्या सरपटणाऱ्या खोडात असतो. वाळलेल्या सगळ्या दांड्या मातीपासून बोटभर ठेवून कात्रीने कापा. कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवा, कारण कोकोपीट एकदा खडखडीत वाळलं की वरून घातलेलं पाणी कडेकडेने निसटून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. निथळली की वर पारदर्शक पिशवी सैलसर घाला, मातीला हवा तेवढाच ओलावा, खत अजिबात नाही. उजेडात ठेवा, उन्हात नको. तीन-चार आठवडे वाट बघा. खोडाजवळ बारीक, तपकिरी-हिरव्या, घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळ्या दिसल्या तर झाड जिवंत आहे.

बोस्टनबद्दल. फवाऱ्याचे थेंब थोड्याच वेळात सुकतात आणि खोलीतली हवा पुन्हा होती तशी. एसी हवेतलं पाणी काढूनच घेतो, वर त्याचा झोत थेट पानांवर येत असेल तर दुहेरी मार. आधी कुंडी झोतातून हलवा. मग एक छोटा आर्द्रतामापक आणा आणि आकडा बघा. बोस्टनला निदान ५० टक्के, हंसराजाला ६०च्या वर, असा माझा अनुभव. आकडा ३५ असेल तर फवारा मारून हात दुखतील, झाडाला काही मिळणार नाही. ह्युमिडिफायर लावता आला तर उत्तम. नाहीतर न्हाणीघराला उजेडाची खिडकी असेल तर कुंडी तिथे हलवा.

आणि ‘दर तीन दिवसांनी’ हे सोडा. कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावर किती जड लागते आणि दोन दिवसांनी किती, हे हाताला लवकर कळतं.

गच्चीबाग:
मृद्गंधताई, बाकी सगळं पटलं, पण कुंडी उचलून बघण्याबद्दल माझं वेगळं मत आहे. नवीन माणसाला वजनाचा अंदाज येईपर्यंत हंसराज वाट बघत नाही. तो एकदाच सुकतो आणि पानं परत सरळ होत नाहीत. मी वात लावतो. नायलॉनची जाडसर दोरी कुंडीच्या तळातून मातीत अर्ध्यापर्यंत, दुसरं टोक खालच्या पाण्याच्या डब्यात. माती लागेल तेवढं पाणी ओढून घेते. माझे दोन हंसराज आणि एक बोस्टन चार वर्षं असेच आहेत, बाहेरगावी गेलो तरी काळजी नाही. माती हलकी हवी आणि कुंडीचा तळ पाण्याला टेकता कामा नये, एवढ्या दोन अटी.

मृद्गंध:
गच्चीबाग, हे मान्य. शेवाळताई चार दिवस बाहेर होत्या, तिथे हाताचा अंदाज काय कामाचा! एक भर घालते: वातीने पाणी खालून वर येतं, त्यामुळे पाण्यातले क्षार वरच्या थरात साठत जातात. मातीवर पांढरट पापुद्रा दिसला की तेच. महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी ओतून ते निथळून जाऊ द्यायचं. पानांची टोकं तपकिरी होण्यामागे कोरड्या हवेइतकंच हे क्षारही असतात.

काजवा:
घाईने विचारतोय. बोस्टनच्या पानांच्या मागच्या बाजूला तपकिरी ठिपके आलेत, शेकड्यांनी. कीड समजून काल साबणाचं पाणी आणि कडुनिंबाचं तेल मारलं. आज कोवळी पानं काळी पडायला लागलीत. ठिपके तसेच आहेत.

रानवाट:
काजवा, आधी साध्या पाण्याने झाड हळुवार धुऊन घ्या, मग पुढचं.

ते ठिपके बहुधा कीड नसावी. नेच्यांना फुलं येत नाहीत, बी येत नाही. पानामागे बीजाणूंचे, म्हणजे ज्यांपासून नवा नेचा उगवतो त्या बारीक कणांचे, पुंज येतात, तेच ते. ओळखायची खूण म्हणजे शिस्त: प्रत्येक पर्णिकेवर, म्हणजे पानाच्या प्रत्येक बारीक पातीवर, ते ठरावीक जागी, शिरांच्या हिशेबाने, ओळीत असतात. खवलेकीड अशी रांगेत बसत नाही. ती पानाच्या दोन्ही बाजूंना, दांडीवरही, जिथे जमेल तिथे चिकटते. नखाने खरवडली तर टपकन अख्खी सुटते, आणि तिच्याखालची पानं चिकट लागतात. तुमच्याकडे चिकटपणा नसेल आणि ठिपके ओळीत असतील तर झाड वयात आलंय, आनंदाची गोष्ट आहे.

नेच्यांची पानं पातळ असतात, तेल आणि साबण त्यांना सोसत नाही. बोस्टन आणि हंसराज तर फारच हळवे. खरी कीड असली तरी आधी एका पानावर औषध मारून दोन-तीन दिवस थांबावं. पिठ्या ढेकूण असेल तर मी कापसाच्या बोळ्याने टिपून काढतो, फार पसरली असेल तर ते पान कापतो. पान चकचकीत करायचे फवारेही नेच्यांवर नकोत.

काजवा:
काका, ओळीतच आहेत! प्रत्येक पर्णिकेच्या कडेने दोन रांगा. धुऊन घेतलं. फार वाईट वाटतंय.

रानवाट:
जुनी पानं राहतील, कोवळी जातील, महिन्या-दोन महिन्यांत नवी येतील. बोस्टन चिवट आहे. आणि आता बीजाणू आलेच आहेत तर ते पेरून बघा. नेचे पाळणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी हे करावं असं मला मनापासून वाटतं. फक्त काही जोपासलेल्या बोस्टन जातींचे बीजाणू वांझ असतात, म्हणून हंसराज किंवा साधा रानातला नेचा जास्त भरवशाचा.

पुंज गडद तपकिरी झालेलं पान कापून पांढऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा. एक-दोन दिवसांत तळाशी तपकिरी भुकटी जमते. पारदर्शक झाकणाच्या डब्यात दोन बोटं ओलं कोकोपीट, त्यावर उकळतं पाणी ओतून थंड होऊ द्यायचं, म्हणजे बुरशी आणि इतर शेवाळाचे जीव मरतात. भुकटी चिमटीने अगदी विरळ शिंपडा, वर माती घालायची नाही, झाकण लावा, उजेडात ठेवा आणि विसरून जा. काही आठवड्यांनी पृष्ठभागावर हिरवी साय धरते. भिंगातून बघितलंत तर ती साय म्हणजे नखाहून लहान, हृदयाच्या आकाराची शेकडो पातळ पानं असतात. हा अजून नेचा नाही. ही त्याची मधली पिढी. हिच्यावर नर आणि मादी पेशी तयार होतात, आणि नर पेशींना मादीपर्यंत अक्षरशः पोहत जावं लागतं. पाण्याचा पातळ थर नसेल तर पुढचा नेचा जन्मत नाही. म्हणून त्या दिवसांत गार केलेल्या उकळलेल्या पाण्याचा अगदी बारीक फवारा मारायचा. फवाऱ्याचा खरा उपयोग मी तिथेच बघितला. मग एखाद्या हृदयाच्या खाचेतून पहिलं पान वर येतं. पेरल्यापासून इथपर्यंत मला पाच महिने लागले होते, आणि त्या सकाळी मी घरातल्या सगळ्यांना उठवून ते दाखवलं.

हे कोडं माणसाला बरीच शतकं सुटलं नव्हतं. फूल नाही, बी नाही, तरी नेचा वाढतो कसा? युरोपात तर नेच्याचं बी अदृश्य असतं अशीच समजूत होती. विल्हेल्म हॉफमाइस्टर या जर्मन अभ्यासकाने १८५१ साली दोन पिढ्यांचं हे चक्र नीट मांडलं.

चिमणचारा:
रानवाटकाका, वाचताना काटा आला अंगावर. ते हृदय कधीतरी बघणारच.

माझा साधा प्रश्न. घरात मांजर आहे, तिला लोंबणारं काहीही चावायला आवडतं. अस्पॅरागस फर्न आहे माझ्याकडे. चालेल ना?

मृद्गंध:
चिमणचारा, तो नावाचाच फर्न. अस्पॅरागस शतावरीच्या कुळातला, त्याला फुलं येतात, लाल किंवा काळसर फळं येतात, दांडीवर बारीक काटेही असतात. मांजर-कुत्र्यांसाठी तो विषारी आहे, विशेषतः फळं. तो उंचावर टांगा किंवा देऊन टाका. बोस्टन फर्न मांजर-कुत्र्यांना विषारी नाही. चावला तर नुकसान पानांचं होईल, मांजरीचं नाही.

गच्चीबाग:
हंसराजाला आम्लधर्मी माती लागते म्हणून मी चहाचा चोथा घालायचो. कुणी करतं का?

रानवाट:
नका घालू. सगळ्या नेच्यांना आम्लधर्मी माती लागते ही समजूत चुकीची आहे. हंसराजाची एक प्रसिद्ध जात तर रानात चुनखडीच्या ओल्या कड्यांवर वाढते. जुन्या विटांच्या भिंतीत चुन्याच्या सांध्यांतून उगवणारा लांब पानांचा टेरिस नावाचा नेचा बघितला असेल, त्यालाही चुना प्रिय. त्याच्याबद्दल २००१ साली लक्षात आलं की तो मातीतलं आर्सेनिक ओढून पानांत साठवतो, म्हणून दूषित जमीन साफ करायला त्याचा वापर करून बघितला गेला. चोथ्यावर बुरशी धरते आणि चिलटं होतात, बाकी काही साधत नाही.

काजवा:
बोस्टन फर्न खोलीतली हवा शुद्ध करतो म्हणून मी तो आणला होता. ते खरं आहे ना?

मृद्गंध:
काजवा, तेवढ्यासाठी आणू नका. १९८९ साली नासाने काही घरगुती झाडांवर प्रयोग केले, ते छोट्या बंद पेट्यांमध्ये. तिथे झाडांनी हवेतली काही रसायनं कमी केली. घर अशी बंद पेटी नसतं, दारं-खिडक्यांतून हवा सतत बदलत असते. २०१९ साली अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात निघालं की खिडकी उघडण्याइतका फरक पडायला दर चौरस मीटर जमिनीमागे १० ते १००० झाडं लागतील. मी नेचे ठेवते ते सकाळी उठल्यावर आज कुठली गुंडाळी उलगडली हे बघायला. मला तेवढं कारण पुरतं.

शेवाळ:
ह्युमिडिफायर सध्या नाही. बरणीत किंवा काचेच्या पेटीत हंसराज जमेल का?

रानवाट:
जमेल, आणि ही कल्पना नेच्यांमुळेच जन्माला आली. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना अंगणात नेचे लावायची हौस होती, पण कोळशाच्या धुराने ते मरायचे. १८२९ साली त्यांनी पतंगाचा कोश बघण्यासाठी झाकणाच्या बाटलीत ओली माती घालून ठेवला. पतंग राहिला बाजूला, त्या मातीतून एक नेचा आणि थोडं गवत उगवलं. दिवसा पाण्याची वाफ काचेवर जमायची, रात्री परत मातीत उतरायची. १८३३ साली त्यांनी अशा दोन बंद पेट्यांत नेचे आणि गवतं भरून जहाजाने सिडनीला पाठवली, महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासानंतर ती सुखरूप पोचली. पुढे जगभर रोपं हलवायला याच पेट्या वापरल्या गेल्या.

तुमच्यासाठी: पेटी कधीही उन्हात ठेवू नका, आतली हवा तापून झाड शिजतं. काच दिवसभर ओघळत असेल तर पाणी जास्त झालं, झाकण काही तास उघडं ठेवा. सकाळी काचेवर थोडं धुकं आणि दुपारपर्यंत काच साफ, हे बरोबर. बोस्टन तिथे लावू नका, तो पेटी भरून टाकेल. बटन फर्नही नको, त्याला हंसराजापेक्षा कोरडं राहायला आवडतं.

चिमणचारा:
सांबरशिंगासारखा दिसणारा स्टॅगहॉर्न लाकडी फळीवर लावलेला मिळाला. त्याची मागची गोल पानं तपकिरी झालीत आणि पुढच्या पानांवर धूळ बसल्यासारखं दिसतं. पुसू का?

मृद्गंध:
पुसू नका आणि तपकिरी पानं काढूही नका. ती गोल पानं मुळांची ढाल आहेत. झाडावर वाढताना त्यांच्यामागे पालापाचोळा अडकतो आणि तेच त्याचं खत. वाळली तरी काम चालूच असतं. पुढच्या पानांवरची ती धूळ म्हणजे बारीक लव आहे, ती पाणी धरून ठेवायला मदत करते. फळी पाण्यात पंधरा मिनिटं बुडवायची, निथळू द्यायची, आणि मागचा गोळा जवळजवळ कोरडा झाला की परत. त्याला बोस्टनसारखं सतत ओलं ठेवलं तर कुजतो.

असंच बर्ड्स नेस्ट नावाच्या नेच्याचं. त्याच्या मधल्या वाटीत पाणी ओतू नका, नवी पानं तिथूनच येतात, ती कुजतील. पाणी कडेने मातीत. कोवळ्या पानाला हात लावायचा मोहही टाळा, डाग कायमचा राहतो. पहिल्यांदाच नेचा आणणाऱ्याला मी हाच सुचवेन, किंवा निळसर पानांचा फ्लेबोडियम. दोघंही साधारण घरातल्या हवेत तग धरतात. फ्लेबोडियमचं केसाळ खोड मातीच्या वर राहू द्यायचं, पुरलं की सडतं. हंसराज अगदी शेवटी आणा. मी तो सगळ्यात आधी आणला होता.

शेवाळ:
पाच आठवड्यांनी लिहितेय. बोस्टन झोतातून हलवून खिडकीजवळ नेला, वात लावली. आर्द्रतामापक आधी ३८ दाखवत होता, न्हाणीघराजवळच्या खिडकीत ५५ ते ६० आहे. पानांचा सडा थांबला. कुंडीतून हिरव्या दोऱ्यासारखं काहीतरी लोंबायला लागलंय, त्याला पानं नाहीत. कापू का?

आणि ताई, हंसराज! चौथा आठवडा संपेपर्यंत मातीत काहीच नव्हतं, मी आशा सोडली होती. काल पिशवी काढून बघितलं तर सात गुंडाळ्या. सर्वांत मोठी तांदळाच्या दाण्याएवढी. तिची दांडी आतापासूनच काळी आहे. हे बरोबर आहे ना?

मृद्गंध:
अगदी बरोबर! हंसराजाची दांडी काळी आणि चकचकीतच असते, तीच तर त्याची शोभा. पिशवी एकदम काढू नका. आठवडाभर रोज थोडी थोडी वर करा, नाहीतर ही कोवळी पानं बाहेरच्या हवेला बिचकतात. खत दोन पानं पूर्ण उलगडल्यावर.

बोस्टनचे दोरे म्हणजे त्याचे धावते फुटवे. एखादा दोरा शेजारच्या ओल्या मातीच्या कुंडीवर केसाच्या चापाने टेकवून ठेवा. मुळं धरून तीन-चार पानं आली की मधला दोरा कापायचा.

काजवा:
शेवाळताई, ते रोप तयार झालं की माझ्यासाठी एक दोरा राखून ठेवाल का? माझ्या बोस्टनला नवी पानं येतायत, पण एक बाजू अजून ओकीबोकी आहे.

शेवाळ:
ठेवलाच म्हणून समजा. आजच दोन दोरे टेकवले, एकाच्या कुंडीवर तुमचं नाव लिहिलंय.